कुणाच्याच नावावर नसलेलं रान

नाना कुठेही गेले की आधी वहाणेच्या टाचेने जमीन ठोकायचे आणि विचारायचे, "दगड कुठंय?" लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, नाहीतर माझ्या घराचं अंगण. हद्दीचा दगड दिसल्याशिवाय त्यांचा जीव भांड्यात पडत नसे. शेतजमिनी मोजण्याच्या नोकरीत त्यांची उभी हयात गेली. परतूरच्या आमच्या गल्लीत त्यांना मोजणीवाले नानाच म्हणत. निवृत्त झाले, पण टाच काही थांबली नाही.

असा एखादा वल्ली तुमच्याही गल्लीत असेल. पण त्याने दोन देशांची वाहतूक अडवली नसेल.

साऱ्या तालुक्याचे बांध मिटवणाऱ्या नानांचं स्वतःच्या धाकट्या भावाशी वाकडं होतं, तेही वीतभर बांधावरून. वाटूरजवळ दोघांची शेतं लागून. भाऊ म्हणायचा, "मोजायची साखळी याच्या हातात, मंग बांध माझ्याच अंगावर येणार ना?" आईच्या दहाव्याला दोघांनी शपथ घेतली, एकमेकांच्या रानात पाय ठेवायचा नाही. त्या दिवसापासून बोलणंही बंद. मी शाळेतला मास्तर, कधी शेतावर गेलो तर दोघे माझ्यामार्फत बोलायचे.

"सर, त्याला सांगा, त्याचा गोऱ्हा माझी ज्वारी खाऊन राह्यला."

'तो' पाच पावलांवर उभा असायचा. मी निरोप सांगायचो.

"सर, त्याला म्हणा, गोऱ्ह्याला मोजणी कळत न्हाई."

मी एकटाच हसायचो. एकदा घरी परतताना नाना म्हणाले, "मरायच्या आत त्यानं एकदा दादा म्हणावं सर. बस, दुसरं काही न्हाई."

मोटारसायकलवर नेपाळला जायची हौस माझी. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं आणि सोबत येणारा मित्र ऐन वेळी फिरला. नाना आपली जुनी गाडी धुऊन दारात हजर. "मी येतो. परदेशाची हद्द बघायची राह्यली." देऊळ नको, डोंगर नको, त्यांना फक्त हद्द बघायची होती. मध्य प्रदेश लागला तिथे आम्ही तासभर दगड शोधला. उत्तर प्रदेशात मी आधीच हात जोडले.

गोरखपूरच्या पुढे सीमा आली. कागद दाखवून झाले, जवानाने पुढे व्हायची खूण केली, आणि दोन देशांच्या दोन कमानींमध्ये नानांनी गाडी बंद केली. उतरले. टाच ठोकली.

"साब, हद का दगड किधर है?"

जवानाने वैतागून लांब शेतातला पांढरा खांब दाखवला. नाना तिथवर चालत गेले, खांबावर हात फिरवला, एक डोळा मिटून पुढच्या खांबाकडे रोखून पाहिलं आणि परत येऊन कडेच्या चहावाल्याला म्हणाले, "तुम्हारा चूल्हा एक हात अंदर है." त्याने बिचाऱ्याने घाबरून चूल मागे ओढली. मागे ट्रक भोंगे वाजवत होते.

"ये बीच की जमीन किसकी?" नानांनी जवानाला विचारलं.

"दसगजा है चाचा. दस गज इधर, दस गज उधर. किसी की नहीं."

"तो बोता कौन?"

"कोई नहीं बोता."

"और झगडा?"

"किस बात का झगडा?"

कुणाच्याच नावावर नसलेली जमीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते तिथेच उकिडवे बसले. पलीकडचा नेपाळी शिपाई ओरडला, "आना है कि नहीं?"

"आता हूँ साब. थोडा टाइम किसीके भी मुल्क में नहीं बैठता."

दोन्हीकडचे जवान एकमेकांकडे बघत राहिले. मी दोघांचीही माफी मागितली.

नेपाळात त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. बर्फाची शिखरं दिसल्यावर एवढंच म्हणाले, "हितं साखळी धरणाऱ्याचे लई हाल." तिसऱ्या दिवशी घाई सुरू झाली. "जल्दी चला सर. पेरणी व्हायचीय."

परत येताच त्यांनी बांधापासून दहा पावलं जमीन आपल्या बाजूने सोडून दिली आणि उरलेल्यात हरभरा पेरला. नानांना नेपाळचं वारं लागलं, असं गावात झालं. भाऊ तर पार हादरला. थोरल्याने जमीन सोडली म्हणजे काहीतरी डाव असणार. तो परतूरला वकिलाकडे गेला. वकिलाने पुस्तकं चाळली, पण आपण होऊन जमीन सोडणाऱ्यावर लावायला कलम सापडेना. शेवटी "मी काय भिकारी हाय का?" म्हणत त्यानेही आपली दहा पावलं सोडली.

मग एका सकाळी नाना त्या पट्टीत जाऊन उभे राहिले. भाऊ पलीकडच्या कडेला.

"ये. हे माझं रान न्हाई. शपथ मोडत न्हाई."

"बराबर?"

"बिलकुल बराबर. मोजून सोडलंय."

भावाने पाय आत टाकला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुझी पावलं आखूड पडलीत. तुझ्या बाजूनं कमी दिसून राह्यलंय."

हे नानांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा 'दादा'वर येऊन थांबले, पुढची तक्रार सांगायचं विसरले. त्यानंतर दोघे भाऊ रोज त्या पट्टीत चहा प्यायचे आणि चहा पिता पिता भांडायचे.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. पोरांनी त्यांच्याच रानात लाकडं रचली होती. तिरडी त्या रानाकडे निघाली तसा भाऊ आडवा आला.

"दादाच्या रानात मला येता येत न्हाई. माझ्या रानात दादा यायचा न्हाई. त्याला मधी न्या."

"काका, आता कसली शपथ?" थोरला मुलगा म्हणाला.

"त्यानं कधी मोडली का?"

रचलेली लाकडं उचलून आम्ही पट्टीत आणली. मी लाकडं वाहत होतो आणि रडत होतो. चिता पेटल्यावर भाऊ अगदी जवळ जाऊन बसला. झळ लागत होती, तरी त्याला कुणी मागे ओढलं नाही.