आप्पांच्या बॅटरीचा पोचा

बंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या घरात शोकेस भरून बॅटऱ्या होत्या आणि लाइट गेली की मी मेणबत्ती शोधायचे. आमचे हे बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांना बॅटऱ्या जमवायचा नाद. पितळी, प्लॅस्टिकच्या, खिशात मावणाऱ्या, एक तर मुसळाएवढी लांब. पण एकीतही सेल नसायचे. सेल पाझरले की बॅटरी आतून खराब होते, म्हणून घालायचे नाहीत. वरच्या मजल्यावरच्या अक्का एकदा अंधारात जिना उतरून आल्या. "स्वल्प बॅटरी दे ग, तुमच्याकडं ढिगानं आहेत," कानडी मिसळून म्हणाल्या. मी त्यांना मेणबत्ती दिली. त्यांनी काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पुन्हा कधी मागायला आल्या नाहीत.

ह्यांचा एक मित्र नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला. रविवारी दोघं बॅटऱ्या मांडून बसत. इंटरनेट तेव्हा नुकतं आलं होतं. मित्र सांगायचा, "वहिनी, फ्यूचरमध्ये बल्बच राहणार नाही. तांदळाच्या दाण्याएवढा दिवा येईल, कधी न उडणारा. लोक जगभरातून बॅटऱ्या मागवतील आणि इंटरनेटवर एकमेकांना दाखवतील."

"आणि अंधारात काय लावतील?" मी विचारलं.

दोघंही हसले. मी काही थट्टा केली नव्हती. वापरायची नाही ती वस्तू घ्यायची कशाला, हे मला खरोखरच कळत नव्हतं. पण दोघं इतके खुशीत असत की, आपल्यालाच काही समजत नाही की काय, असं वाटायचं.

त्या शोकेसमध्ये एक बॅटरी माझी होती. माझ्या वडिलांची, आप्पांची. निपाणीजवळ आमचं शेत. आप्पा रात्री उसाला पाणी पाजायला जायचे ते तिच्या उजेडात. विहिरीच्या पायऱ्यांवर पडून तिला काचेजवळ पोचा आला होता. खंडेनवमीला ती विळ्या-कोयत्याशेजारी पाटावर बसायची. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून आप्पा तेवढ्या रात्री चाचपडत गोठ्यात जायचे. आप्पा गेल्यावर मी भावाकडून ती मागून आणली. आमच्या शोकेसमध्ये मात्र तिची रोजच खंडेनवमी सुरू झाली.

एका वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी पूजा मांडत होते. ह्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. "ओळख बघू." आप्पांची बॅटरी होती. शिवाजीनगरातल्या कारागिराकडून पोचा काढून घेतला होता, वर निकेलचं पॉलिश. "आता कायमची राहील," हे म्हणाले, अगदी मायेनं. राग आला होता, पण तो करायचा कुणावर? "छान झालीय," मी म्हटलं. हळदकुंकू वाहताना माझा अंगठा पोचा शोधत होता.

दसरा झाला आणि दुसऱ्याच संध्याकाळी लाइट गेली. का कोण जाणे, मी रेडिओतले सेल काढून आप्पांच्या बॅटरीत घातले आणि गच्चीवरचे कपडे आणायला गेले. उजेड लख्ख पडला, पण ओळखीचा वाटेना. उतरताना कपडे सावरायच्या नादात ती हातातून निसटली आणि पायऱ्यांवर आपटत खाली गेली. हे नेमके कामावरून येत होते. त्यांनी ती उचलली, वळवून पाहिली. काचेजवळ पोचा आला होता. अजून पेटलेली होती.

मी पायरीवरच बसले आणि रडायला लागले. वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं, ते आजही सांगता यायचं नाही.

हे शेजारी येऊन बसले. "अगं, एवढ्यासाठी काय रडतेस? शिवाजीनगरला देऊ, निघेल पोचा."

"नको," मी म्हटलं. "आता काढू नका."

ते गोंधळून गेले. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. सेल काढले नाहीत.