माझ्या पहिल्या इमारतीतून जाणारी वाट

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावावर मिळालेलं माझं पहिलं काम बदलापूरचं होतं. चामटोली गावच्या बबनकाकांना बाजाराजवळच्या त्यांच्या जागेवर तीन मजली इमारत हवी होती. मी ऐटीत नकाशा उलगडला. चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत, समोर दुकानं, एकच फाटक. काका खूश झाले. काकूंनी मात्र भिंतीवर बोट ठेवलं.

"आन् डोंगरातल्या बाया बाजारात कुठून जातील?"

या जागेतून पायवाट जाते हे मला माहीतच नव्हतं. "वळसा घालून जातील," मी म्हटलं.

"डोईवर पाटी घेऊन तू घालशील वळसा?"

मी नकाशा गुंडाळला. ठरवलं, आधी आसपासची गावं चालून बघायची, माणसं कुठून जातात, कुठं टेकतात; पेन्सिल नंतर. काकू म्हणाल्या, "मी पन येते. कॅम्पात लुगडं बगायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेअर रिक्षानं कॅम्प तीनला, सिंधी वस्तीच्या कापडबाजारात उतरलो. (कधी गेलात तर दहाच्या आत पोहोचा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.) खाली जीन्स शिवणाऱ्या मशीनींची घरघर, वर वाळत घातलेले कपडे, मधल्या जिन्यावर गप्पा. एका सिंधी कापडवाल्यानं दुकानाचं जोतं शटरच्या पुढे हातभर वाढवलं होतं. आम्ही टेकल्याबरोबर पापड आणि पाणी आलं.

"सेठ, जागा का सोडली बाहेर?" मी विचारलं.

"बेटी, थका हुआ आदमी कपडा क्या देखेगा? पहले बैठने दो."

मी टेप काढून त्या जोत्याची उंची मोजली. शेठ हसत बघत राहिले. काकूंना हवं तसं हिरवं लुगडंही तिथंच मिळालं.

दुपारी अंबरनाथ. स्टेशनबाहेर उसळ-पाव खाल्ला. झणझणीत, स्वस्त आणि पोटभर. उन्हातून चालताना एका नव्या इमारतीच्या भिंतीच्या सावलीत काकू बसल्या. लगेच वॉचमन आला. "ओ मावशी, इथं बसायचं नाही. उठा."

काकू उठल्या. मला शरम वाटली, कारण ती भिंत मी ओळखली होती. नोकरीत असताना या कंपाउंडचा नकाशा मीच काढला होता. साहेबांनी शाबासकीही दिली होती. मी काकूंना तसं सांगून टाकलं.

त्यांनी भिंतीवर थाप मारली. मग म्हणाल्या, "ही बांधून झाली. आमची आजून कागदावर हाय ना? मंग खोडरबर काढ."

एस.टी.नं बदलापूरला आलो तेव्हा बाजार उठत होता. रिकाम्या पाट्या घेऊन बाया काकांच्या जागेतून तिरक्या निघाल्या होत्या. मी चुन्याची फक्की घेतली आणि त्यांच्या पावलांमागून रेघ ओढत गेले. रेघ थेट नकाशातल्या मधल्या दुकानातून गेली.

काका रेघेजवळ येऊन उभे राहिले. "म्हंजे एक दुकान गेलं."

"हो काका. खालून वाट काढायची, तर जाणारच."

त्यांनी रेघेच्या टोकापर्यंत चालून पाहिलं. मग म्हणाले, "जागा माज्या बापाची हाय. वाट काय माज्या बापाची नाय. काढा म्याडम."

घरी आले ती पाय सुजवून, पण नवा नकाशा आठवडाभरात झाला. इमारतीच्या पोटातून तिरकी वाट, दोन्ही बाजूंना बसता येईल असं जोतं, वरच्या गॅलऱ्या वाटेकडे तोंड करून. भिंत नाही.

त्यानंतर खूप इमारती केल्या, काही फार उंच. पण सगळ्यात आवडती कोणती असं कुणी विचारलं, तर मी याच इमारतीचं नाव घेते. लोक राहायला आल्यावर एकदा मी तिथं मुद्दाम गेले होते. वांगणीकडची एक बाई करवंदांची पाटी घेऊन आली, जोत्यावर टेकली आणि पदरानं वारा घेत ओरडली, "करवंदं घ्याऽऽ!"

वरच्या गॅलरीतून आवाज आला, "थांब गं, आले!"

मीही दोन द्रोण घेतले आणि तिच्या शेजारी बसूनच संपवले.