नव्या तांदळाचा भात

हे मी आजवर दादालाही सांगितलेलं नाही. वैनीला तर नाहीच. जिनं माझी उष्टी-खरकटी काढली, तिला कोणत्या तोंडानं सांगू? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून धीर करते आहे. मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. सातवीनंतर शाळा सुटली माझी.

आमचं गाव वडशाच्या पलीकडे, धानाचं. बाप गेला, दादा कामासाठी बाहेर, घरी माय आणि मी, दोघीच. शाळा सुटली तरी एक गोष्ट सुटली नव्हती. पौर्णिमेला विहारात वंदना मीच म्हणायची. बाया म्हणायच्या, पोट्टीचा आवाज पार तलावाच्या पाळीपर्यंत जाते. मायला त्याचा फार अभिमान. बोलून दाखवायची नाही, पण मी म्हणायला लागले की ती हात जोडायचं विसरून माझ्याकडेच पाहत राहायची.

गाठ तिनंच पाहिली. मी गडव्यानं पाणी पीत होते, अन् गळ्यात काहीतरी घोटासोबत वर गेलं, खाली आलं. सुपारीएवढं. गलगंड असेल, म्हणाल्या शेजारच्या बाया, आमच्या भागात लय जणींना असतो. पण दादा तेव्हा घुग्घुसच्या कोळसा खाणीत लागला होता. तो सुटीवर आला, गाठ चाचपून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन निघाला. घुग्घुसच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. तिथे गळ्यात सुई घातली, पाणी काढलं, तपासलं. दादा मला एवढंच म्हणाला, "गाठ आहे, काढाची आहे." कॅन्सर हा शब्द मला शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळला. तिलाही तेच होतं. मी किती वर्षांची होते? अठराची असेन. मला वाटलं, मी मेलेच.

नाही मेले. डॉक्टरीणबाईंनी गाठ काढली, सगळी काढली. त्यांचे हात मला अजून आठवतात, थंड आणि स्वच्छ. शुद्धीवर आले तेव्हा बोटांना मुंग्या येत होत्या आणि तोंडातून आवाजाऐवजी नुसती हवा. बाई म्हणाल्या, आवाजाची नस गाठीला चिकटून होती, सोडवून घेतली आहे. दुखावली असेल, काही दिवसांनी आवाज येईल. बहुतेक येईल.

माय धानाची रोवणी टाकून आली होती. ते "बहुतेक" तिनं ऐकलं.

आमच्यात नवस नाहीत. छप्पनला धम्म घेतला तेव्हा बापानं घरातले देव नदीत सोडले, त्यानंतर मायनं कोणापुढे नारळ फोडला नाही. पण दवाखान्याच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "कोण्या देवाले नाई बोलली म्या. माह्याच पोटाले बोलली. तू मले माय म्हून हाक देशीन ना, त्या दिवशी भात खाईन."

तुम्ही भाकरी खाणारे असाल तर यात काय मोठं, असं वाटेल. आमच्याकडे जेवण म्हणजेच भात. सकाळी भात, सांजेला भात, आजाऱ्याला पेज, पाहुण्याला भात. मायच्या तोंडात मोजके दात उरले होते. ती ज्वारीची भाकर वरणाच्या पाण्यात भिजवायची, बोटानं दाबून पाहायची, आणि गिळायची.

मग ती धानाकडे परत गेली आणि मी दादाच्या क्वार्टरमध्ये राहिले, कारण नागपूरला तपासणीला जावं लागायचं. गावाहून ते जमलं नसतं. वैनी मला कामाला हात लावू देत नव्हती. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी तीच हातावर ठेवायची. मी कुजबुजायची आणि ती कान जवळ आणून ऐकायची. दादाला म्हणायची, "आपल्या घरी आता एकच तोंड चालून राह्यलं, माह्यं." दादा म्हणायचा, "दोघींचं भरून काढतेस ना पण!" अन् आम्ही तिघं हसायचो. मी बिनआवाजाची.

आता ते सांगते. सांगायचं म्हणून तर बसले.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दादा खाणीत पाळीवर, वैनी नळावर. अंगणात खाटेवर मुंगाच्या वड्या वाळत होत्या, कोळशाची धूळ बसू नये म्हणून वर वैनीचं जुनं लुगडं. एक बकरी आली आणि लुगड्यासकट ओढू लागली. मी ओरडले, "हाट्!"

आवाज आला. जुना नाही, थोडा घोगरा — पण आवाज. बकरी पळाली. मी तिथेच उभी. कोणी ऐकलं का, ते पाहिलं. हे पाहा, माझ्या मनात पहिली गोष्ट ही आली. मायला कळवावं, ही नाही. कोणी ऐकलं का, ही.

कोणी ऐकलं नव्हतं. वैनी आली, मी तिला कुजबुजून सांगितलं, बकरी आलती.

का? भीती होती, हे खरं. आवाज आला म्हणजे पोरगी बरी झाली, असं सगळे धरून चालतील. मग मला गावी पाठवतील, तिथे गळ्यात पुन्हा काही उगवलं तर कोण पाहील? पण भीतीच होती का फक्त? सगळे माझ्याजवळ वाकून ऐकायचे, तेही मला हवं होतं. गावात माझा आवाज लांब जायचा, पण माझ्यासाठी असं कोणी वाकलं नव्हतं. मी म्हटलं, अजून थोडे दिवस. मग आणखी थोडे. नागपूरला बाईंनी घशात आरसा घालून पाहिलं. "सगळं हलतंय की नीट," म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी पाठीवर हात ठेवला — घाबरू नकोस, येईल.

धान निघालं आणि माय आली. वडशाहून छोट्या गाडीनं चांद्याला, तिथून एसटीनं, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. आल्या-आल्या माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

तिनं स्वतः भात रांधला. नव्या तांदळाचा वास तुम्हाला ठाऊक आहे का? सगळं क्वार्टर भरून गेलं. आम्हा तिघांना वाढला आणि स्वतः भाकर भिजत घातली.

वैनी म्हणाली, "आत्याबाई, नव्याचा घास तरी घ्या वो. कोण पाह्यते?"

"माह्यं पोट पाह्यते," माय म्हणाली, अन् हसली.

तिचे गाल आत गेले होते. भाकर बोटानं दाबत होती. एका हाकेचं काम होतं. "माय" — एवढंच. हाक गळ्यापर्यंत आली होती, मला जाणवत होती, पूर्वी ती गाठ जाणवायची तशी. मी ताट पुढे केलं आणि कुजबुजले, "अजून थोडा."

तिनं वाढला. वरून आणखी एक मूठ.

तेच माझं शेवटचं बोलणं तिच्याशी. दुसऱ्या दिवशी ती गावी परतली. हिवाळा सरता सरता गावचा माणूस निरोप घेऊन आला. थंडी वाजून ताप भरला होता, डोक्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. पांढऱ्या कापडात एवढीशी दिसत होती. आणि मी ओरडले. "माय!" पूर्ण आवाजात. तलावाच्या पाळीपर्यंत गेला असेल.

रडणाऱ्या बाया माझ्याकडे वळल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "पाहा वो, मायनं जाता जाता पोरीले आवाज देल्ला." दादा मला धरून लहान पोरासारखा रडला. "आला, आवाज आला," म्हणत राहिला. मी तेव्हा बोलू शकत होते. आवाज होता माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही.

गावात ही गोष्ट अजून सांगतात. मी गेले की बाया आपल्या पोरींना माझ्यापुढे उभं करतात आणि सांगतात, ही तीच. वैनीही सांगते, डोळ्यांना पदर लावून. मी ऐकून घेते. विहारात वंदना म्हणायला सांगतात. म्हणते.

माझा गळा बरा आहे. गोळी चालू आहे. मध्ये एकदा मी भात सोडून पाहिला होता. निभलं नाही. दादाच्या घरी दर हंगामात गावाकडून नवा तांदूळ येतो. वैनी रांधते, मला आधी वाढते. मी खाते.