हाजिर, टीचर

हजेरी घेताना आमच्या कॉलेजात बाकीचे 'येस मिस' म्हणायचे. कुणी नुसता हात वर करायचं, कुणी फोनमधून डोकं न काढता हुंकार द्यायचं. भाभी मात्र उभ्या राहून, ओढणी सावरून, खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हाजिर, टीचर." पन्नाशीच्या बाईला असं उभं राहिलेलं बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. "अहो भाभी, बसून म्हटलंत तरी चालेल," असं मी कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर शपथ.

आमचं कॉलेज म्हणजे अबुधाबीत एका सुपरमार्केटच्या वरचा मजला. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांचा डिप्लोमा. मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं ते सगळे आमच्याकडे यायचे. त्यात दुकानांतली मुलं होती, क्लिनिकमधल्या रिसेप्शनिस्ट होत्या, आणि 'एकटीला इंडियात ठेवणार नाही' म्हणणाऱ्या बापांच्या मुली होत्या. माझी स्वतःची लेक या कॉलेजला 'युवर लिटल कॉलेज' म्हणते. म्हणू दे. तिला काय कळतंय!

भाभी रत्नागिरीकडच्या. बारावी होताच लग्न झालं, आणि नवऱ्यामागून त्या इकडे आल्या. तिन्ही मुलं शिकून परदेशी गेल्यावर त्यांनी आमच्याकडे बालशिक्षणाच्या डिप्लोमाला नाव घातलं. गावी जाऊन बालवाडी काढायची होती त्यांना. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मुलांना सोडायला जायची ना, तेव्हा मी कॉलेज गेटपर्यंतच बघितलं, टीचर. आत काय असतं ते आता बघते."

इन्शाल्ला हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असे, पण अभ्यासाच्या बाबतीत नाही. कुणी "असाइनमेंट उद्या देतो, इन्शाल्ला" म्हणालं की यांचा पारा चढायचा. "अभ्यासाला इन्शाल्ला चालत नाही रे, यल्ला, चला म्हणायचं आणि बसायचं." पण त्याच मुलांसाठी डबा भरून घावणे आणायच्या. ड्युटीवरून थेट आलेल्यांना आधी खाऊ घालायच्या आणि मग मला म्हणायच्या, "आता शिकवा. उपाशीपोटी इंग्रजी डोक्यात जात नाही."

शेवटची टर्म तेवढी राहिली होती आणि त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. आमच्याकडे नोकरी गेली असं कुणी म्हणत नाही. माणूस 'कॅन्सल झाला' म्हणतात. व्हिसा गेला की माणूसच गेला, खलास. भाभींचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून त्याही कॅन्सल. लेखी परीक्षेचं काहीतरी जमवता आलं असतं, पण प्रॅक्टिकल इथल्याच नर्सरीत व्हायला हवं होतं.

निघायच्या आधी सगळे करतात तसं त्यांनीही घर वाटून टाकलं. फ्रिज शेजारणीला, मिक्सर वर्गातल्या एका नर्सला. मग ऑफिसात येऊन प्राचार्यांसमोर बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आम्हाला सगळीकडून कॅन्सल केलंय, सर. इथून तरी करू नका. गैरहजर मांडा." प्राचार्य नियमाचे पक्के, पण टर्म संपेपर्यंत नाव ठेवतो म्हणाले.

म्हणून मी रोज नाव पुकारायची. आणि वर्ग सुटल्यावर फोन उघडला की व्हॉइस मेसेजमध्ये गावाहून आलेला आवाज असायचा, "हाजिर, टीचर." मागे कोंबड्यांचा कलकलाट. कधी त्या विचारायच्या, आज काय शिकवलंत? आणि मी रीम आयलंडला घरी जाता जाता बसमध्ये, हेडफोन लावलेल्या माणसांच्या गर्दीत, त्यांना सगळा धडा सांगायची.

एका संध्याकाळी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. मग म्हणाले, "गावात कुणी विचारलं तर ती सांगायची, मी कॉलेजात आहे, सध्या रजेवर." आणि फोन ठेवताना, "टीचर, तिचं नाव एवढ्यात काढू नका हं."

टर्म संपेपर्यंत मी ते पुकारत राहिले. फार जड गेलं. नव्या टर्मला कॉम्प्युटरने नवी यादी काढली, तीत भाभी नव्हत्या.

आता हजेरी सुरू करण्याआधी मी जरा वेळ गप्प उभी राहते. मुलांना वाटतं, टीचर चष्मा शोधतेय. वाटू दे.