एव्लाम्बियाबाईंनी गोळा केलेली मतं

ग्रीसमधल्या आमच्या कास्त्रोहोरी गावात निवडणूक जिंकायला उमेदवार चांगला असावा लागत नाही. एव्लाम्बियाबाई आपल्या बाजूला असाव्या लागतात. अर्धं गाव पोटासाठी जर्मनीला, श्टुटगार्टला गेलेलं, पण मतदार यादीत नावं सगळ्यांची इथंच. मतदान जवळ आलं की बाई वही उघडून फोनला बसत. "आजोबांच्या थडग्यावर दिवा कोण लावणार रे? ये, आणि जाता जाता मत टाक." चाळीस वर्षांत त्यांनी चार सरपंच बसवले आणि दोन उतरवले. मी गावचा निवृत्त मास्तर. माझं मतही त्याच ठरवत.

सख्खा भाऊ स्टेर्यॉस तेवढा एकदा विरुद्ध बाजूला गेला. बाईंनी त्याचं नाव वहीतून खोडलं. अठरा वर्षं बोलणं नाही.

यंदा त्यांची भाची आसिमिना देशाचं गाणं घेऊन युरोपभरच्या गाण्यांच्या स्पर्धेत निघाली. गाणं इंग्रजीत. तीन मिनिटांतली दोन मिनिटं ज्वाळा, वारा आणि नुसतं 'आ आ आ'. शेवटी आपण ग्रीक आहोत हे कळावं म्हणून चार सेकंद बुझुकी, आमचं तारांचं वाद्य. गावाला अक्षर कळलं नाही, त्यामुळे कुणाला नावंही ठेवता आली नाहीत.

निघण्याआधी पोरगी मावशीकडे आली, चेहरा उतरलेला.

"मावशी, लोकांची मतं नाही मिळाली तर कंपनी माझं पुढचं गाणं काढणार नाही. परत लग्नांत गात फिरायचं मी."

"मतांची काळजी तू करतेस?" बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "जर्मनी माझ्यावर सोड."

आणि त्यांनी वही उघडली.

स्पर्धेच्या दिवशी थेसालोनिकीच्या विमानतळावरून सहा बसगाड्या भरून आल्या. लोक कारखान्यातून रजा काढून, पोराबाळांसकट आले होते. चौकात मोठा पडदा, बाजूला निखाऱ्यांवर कोकरं. बाईंनी एकेकाच्या नावापुढे खूण केली. तीनशे अकरा.

"एकही गळला नाही, मास्तर."

मी कौतुकाने मान डोलावली. या सगळ्यांना भूगोल मीच शिकवला होता.

आसिमिना फार छान गायली. मला रडू आलं, उगीच कशाला लपवू? मग मतदान सुरू झालं. तीनशे अकरा फोन बाहेर निघाले आणि प्रत्येकाला एकच उत्तर आलं: तुम्ही जिथे आहात, तिथून या गाण्याला मत देता येत नाही.

"म्हणजे काय, मास्तर?"

"म्हणजे बाई, आपल्या गाण्याला आपल्या देशातून मत नसतं. ही माणसं तिकडेच राहायला हवी होती."

बाईंनी वही मिटली. जर्मनीच्या लोकांकडून शून्य गुण, असं पडद्यावर जाहीर झालं. जर्मनीचे लोक कोकराची हाडं चोखत ते ऐकत होते. पोरगी शेवटून दुसरी आली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"एव्लाम्बिया, मी स्टेर्यॉस, श्टुटगार्टहून. ठेवू नकोस. एका माणसाला देता येतात तेवढी सगळी मतं दिली मी पोरीला. आणखी द्यावी म्हणून शेजाऱ्यांचे फोन मागायला गेलो, तर सगळ्या गल्लीला कुलपं. आपली माणसं गेली कुठं?"

बाईंनी चौकाकडे पाहिलं.

"इथं आहेत रे सगळी," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुलाच कसं सुचलं तिथं थांबायचं?"

"सुचलं कसलं? मला कुणी बोलावलंच नाही."