काचेवरच्या दातांच्या खुणा

दवाखान्यातली माशांची टाकी मी हौसेनं ठेवलेली नाही. दातांच्या डॉक्टरकडे येणारा माणूस घाबरलेला असतो. माशांकडे बघत बसला की त्याचा जबडा आपोआप सैल पडतो आणि माझं काम सोपं होतं. मासे खाऱ्या पाण्यातले घेतले, कारण त्यांचे रंग लांबूनही दिसतात. समुद्र नागपुरात कुठून येणार? तो मी पुडीतल्या मिठाचा, बादलीत तयार करते.

मग काचेवर शेवाळ आलं. आधी तपकिरी धुळीसारखं, नंतर हिरवं. दातांवर साचतो तसाच थर, आणि तसाच चिवट. पात्यानं खरवडलं, पाणी बदललं, दिवा कमी वेळ लावला, माशांचं खाणं कमी केलं. आठवडा संपायच्या आत काच पुन्हा हिरवी.

कामठीहून शेअर ऑटोनं येणारी माझी मदतनीस दारातूनच म्हणायची, "पुन्हा घासून राहिल्या का जी मॅडम? एवढ्या वेळात पेशंटचे दात झाले असते."

एकदा कवळीचं माप द्यायला आलेले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या काचेलेच कीटण चढून राहिलं, तं आमच्या दातायचं काय होईन?"

बाकावरची माणसं हसली. मीही हसले, पण बोलणं खरं होतं. दातांच्या दवाखान्यात अशी काच चालत नाही. ज्याच्याकडून टाकी घेतली त्या दुकानदाराला मी फोन केला, परत घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "एक समुद्री गोगलगाय देऊन बघतो. नाहीच जमलं तर सोमवारी टाकी उचलतो."

गोगलगाय आली. शंख सुपारीएवढा. आली ती कोपऱ्यात चिकटून बसली. शनिवारपर्यंत मी तिचा नाद सोडला होता.

सोमवारी लवकर गेले. टाकी द्यायची तर घाणेरडी कशाला द्यायची, म्हणून शेवटचं खरवडायला. पातं काचेला लावलं आणि थांबले. शेवाळात एक नागमोडी पट्टा उमटला होता, स्वेटरच्या विणीसारखा नेमका. दात बघताना लावते तो भिंगाचा चष्मा चढवला. पट्ट्यात केसासारख्या बारीक, एकाशेजारी एक रेघा होत्या. कशानं काय झिजलं हे ओळखणं माझं रोजचं काम आहे. या दातांच्या खुणा होत्या.

पट्ट्याच्या टोकाला ती स्वतः होती. काचेच्या पलीकडून तोंड उघडलं, कानशीसारखी जीभ बाहेर आली, काचेवरून फिरली, आत गेली. ती जरा सरकली. पुन्हा तोंड, पुन्हा जीभ. कुठे घाई नाही, कुठे जागा सुटलेली नाही. हातातल्या पात्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी मी तशीच उभी.

फोनवर शोधलं. त्या जिभेवर दातांच्या रांगाच रांगा असतात. पुढच्या झिजल्या की मागून नव्या येतात. जन्मभर. "दुधाचे पडले की पुन्हा एकदाच येतात, जपा," हे मी दिवसभर लोकांना सांगत असते. आणि माझ्याच बाकासमोर, पुडीतल्या मिठाच्या समुद्रात, सुपारीएवढा जीव नवे दात काढत चरत होता.

तेवढ्यात ते काका तयार कवळी बसवून घ्यायला आले. मी भिंगाचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हिले नवीन दात येतात?"

"येतच राहतात, काका."

"अन् मले काहून कवळी?"

"काका," मदतनीस मागून म्हणाली, "तुम्ही जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. तिनं शेवाळ खाल्लं."

काकांना हसू आवरेना. त्या दिवशी कवळी बसवायला जरा वेळच लागला.

दुपारी दुकानदार दोन माणसं घेऊन टाकी उचलायला आला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

समोरची काच अजून मीच खरवडते, पेशंटना मासे दिसायला हवेत. बाकीच्या तिन्ही काचांना मी हात लावत नाही. मागच्या हिरव्या काचेबद्दल कुणी बोललंच, तर मदतनीस मान वर न करता सांगते, "राहू द्या जी. ते तिचं जेवण आहे."