हात पाहून गेम

भिलाईच्या कोहक्यात आम्रपाली मेश्रामच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नव्या माणसाला गेम निवडायची मुभा नाही. तिथं खेळतात ते सगळे मारामारीचे गेम, दोघं समोरासमोर, एक पडेपर्यंत. येणारा दारातूनच फर्मान सोडतो, की रक्ताच्या चिळकांड्या उडतात तोच लावा. आम्रपाली मानसुद्धा वर करत नाही. टीव्ही बंदच ठेवून गेमचा कंट्रोलर त्याच्या हातात देते आणि म्हणते, धर. मग तो कसा धरतो ते बघत बसते. नखं पांढरी होईस्तोवर आवळून धरणारा निराळा, अंगठा नुसताच टेकवून ठेवणारा निराळा. दोन्ही अंगठे नाचवत "लावा ना दीदी" करणारा सगळ्यात कच्चा, असं तिचं ठाम मत आहे.

कच्च्याला ती बाहुल्यांचा गेम देते. फळीवर दोन गुबगुबीत बाहुल्या, एकमेकींना ढकलून खाली पाडायचं, बस. दोन बटणं कळली तरी खेळता येतो आणि हरलं तरी हसू येतं. त्यात मन रमलं, तर पुढचा गेम तलवारींचा. त्यात मारण्यापेक्षा अंतर राखणं मोठं, उगाच पुढे धावला की मेला. तिसरा जुन्या वळणाचा, दांडी आणि बटणांच्या पेटीवर खेळायचा. समोरच्याने हात उचलायच्या आधी त्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं. आणि तीन-तीन गड्यांची टोळी घेऊन लढायचा शेवटचा गेम ती फक्त अशांना देते, ज्यांना हरल्यावर गप्प बसता येतं. असे लोक भिलाईत फार नाहीत.

दुकानात आणखी एक नियम आहे. समोर नवखा असला म्हणून कुणी हातचं राखून खेळायचं नाही. मुद्दाम हरणाऱ्याला ती सरळ बाहेर काढते. हेमराज रेल्वेतला, शेवटच्या गेममधला तिचा सगळ्यात तयार खेळाडू. त्यालाही तिने एकदा यावरून उठवलं होतं. तो रागावला नाही. ड्यूटीवरून अगदी पिळून निघालेला असला की हाच हेमराज येऊन बाहुल्यांचा गेम मागतो आणि ती न विचारता लावून देते. थकलेल्या माणसाचे हात नवख्यासारखेच होतात, हे तिला माहीत आहे. तिचे स्वतःचे हात बरेच दिवस तसेच आहेत.

दुकान खरं तर तिच्या भावाचं, राजदीपचं. हौसेने त्याने मांडलं आणि नोकरी लागताच पुण्याला गेला, जाताना म्हणाला, थोडे दिवस बघ. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाक, धुणं आणि खाटेवर बाबा. आई गेल्यापासून हे सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात आहे. पोळ्या लाटताना कान दुकानात आणि दुकानात बसली की कान खाटेकडे. तिला कंटाळा येतो. अगदी खरा, हाडातला कंटाळा येतो आणि तो कुणाला सांगायलाही उठून जावं लागेल म्हणून ती सांगत नाही.

तिचे बाबा, गुलाब मेश्राम, पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाची भली थोरली बादली उंचावरून न्यायची, खाली माणसं उभी. त्या केबिनचा एक कायदा होता. रिलीव्हर शिडी चढून वर आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही, तर दुसरी शिफ्टही तुमचीच. लहानपणी आम्रपालीने कितीदा तरी वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं, कारण बाबांचा रिलीव्हर आला नव्हता. शेवटी शेवटी डोळे अधू झाले म्हणून साहेबांनी त्यांना क्रेनवरून उतरवलं आणि 'लाइट जॉब' दिला, म्हणजे स्टोअरच्या दारात खुर्चीवर बसणं. तो अपमान ते अजून विसरलेले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, काठीने चालू लागले, पण उजवा हात मिटून बसला. व्यायाम शिकवायला येणारी बाई आम्रपालीला बाजूला घेऊन म्हणाली, बोटं आत्ताच चालवली नाहीत, तर ती अशीच राहतील. बाबांना रबरी चेंडू दिला, तर ते तो खाटेखाली घरंगळू द्यायचे. आपण काय बाळ आहोत का, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

तेव्हा आम्रपालीला वाटलं, आपलं दुकान आहे कशाला. दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या वेळी तिने बाबांना टीव्हीपुढे बसवलं. हात पाहिला, तर याहून नवखा हात कोणता असणार? बाहुल्यांचा गेम लावला, कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. ती हरायला लागली. कधी ढकलून घ्यायची, कधी आपली बाहुली कडेवरून घसरू द्यायची. बाबांचं बोट थोडं हललं की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती आणखी सफाईने हरायची.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी तिची बाहुली नेहमीसारखी फळीवरून खाली कोसळली आणि तिने कौतुक करायला मान वळवली. बाबांचे दोन्ही हात कंट्रोलर सोडून गुडघ्यांवर होते. केव्हापासून होते, कोण जाणे.

"मी हात काढून घेतला होता," बाबा म्हणाले. "तरी तू पडलीच. मले लाइट जॉब देऊन राहिली का, आम्रू?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा काठी टेकत खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर त्यांनी हाताचं नावच काढलं नाही. व्यायामाची बाई आली की डोळे मिटून घ्यायचे. बोटं पुन्हा आत वळू लागली. आम्रपाली रोज ती बोटं बघायची आणि स्वतःचाच राग राग करायची. अख्ख्या कोहक्याला गेम निवडून देणारी बाई घरच्या माणसाला मात्र चुकीचा गेम देऊन बसली होती. तिने हात पाहिला होता, माणूस पाहिला नव्हता.

शेवटी एका दुपारी तिने ती दांडीची पेटी उचलली आणि खाटेवर त्यांच्या शेजारी आणून ठेवली. डाव्या हाताला दांडी, उजव्याला बटणं. बाबांनी डोळे किलकिले केले. दांडीकडे बघितलं, तिचा गोळा डाव्या तळव्यात घेतला आणि नुसताच थोडा ढकलून पाहिला.

"हा कठीण आहे बाबा," ती म्हणाली. "अन् मी आता सोडणार नाई."

"नको सोडू," बाबा म्हणाले.

तिने सोडलं नाही. टीव्हीपुढे बसल्यावर पहिल्या दिवशी त्यांना एक पाऊलही पुढे टाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. क्रेनच्या दांड्यांची सवय होती, ही दांडी त्यांना लगेच वश झाली, पण मारायचं बटणांनी आणि बटणं उजव्या हाताची. एकेक बोट उचलून नेल्यासारखं न्यावं लागायचं, तोवर ती त्यांना लोळवून मोकळी. घाम फुटायचा त्यांना. "अजून एक," म्हणायचे. सकाळपासून उभी असलेली, पाठीचा खुळखुळा झालेली आम्रपाली पुन्हा आपल्या म्हाताऱ्या बापाला मारायला बसायची. हे काम जगात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण बोटं उघडत होती. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. एक दिवस त्यांनी पोळीचा तुकडा उजव्या हाताने मोडला आणि ती पाणी आणायचं निमित्त करून आत गेली.

ते हरतच राहिले. आणि मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी जिंकले.

टीव्हीवर आम्रपालीचा गडी आडवा पडला होता. बाबांचा हात बटणावरच थांबला. चेहरा कठीण झाला.

"पुन्हा तेच करून राहिली?"

"नाई बाबा. शपथ. डोळा लागला माहा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. आधी संशयाने, मग नुसतेच. तिचे डोळे लाल होते, मान एका बाजूला कललेली आणि कंट्रोलर तिने नवख्या माणसासारखा, पडू नये म्हणून, दोन्ही हातांत घट्ट आवळून धरला होता. इतके दिवस ते टीव्हीकडे बघत होते, आज पहिल्यांदा त्यांनी तिचे हात पाहिले.

ते काठी घेऊन उठले. टेकत टेकत गल्ल्यापाशी गेले, तिची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

"जाय. झोप जाऊन," म्हणाले.

"आता पोरं येतील, बाबा. कावून तरास घेता?"

"तुहा रिलीव्हर आला," बाबा म्हणाले. "उतर आता."

आम्रपाली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तरी ती काकुळतीने सांगत राहिली, की तुम्हाला गेम लावता येत नाही, कुणाला कोणता द्यायचा ते कसं कळणार. बाबांनी उजवा हात कष्टाने उचलला आणि पडद्याकडे केला. पडद्यामागे पडून त्यांनी इतके महिने दुसरं काय ऐकलं होतं?

ती आत जाऊन त्यांच्याच खाटेवर आडवी झाली. थोड्या वेळाने दार वाजलं. कॉलेजच्या दोघी-तिघी आल्या असाव्यात. त्यातली एक हिंदीत म्हणाली, अंकल, सबसे टफ वाला लगाओ ना.

"पहले हाथ दिखा, बेटा," बाबा म्हणाले.

त्यांनी कोणता गेम दिला ते आम्रपालीला ऐकायचं होतं. पण तोवर तिला झोप लागली होती.